आळणी कलेजी

सांगलीच्या स्टँडमागं साळूबाईची खानावळ होती. पलटणीतून सुटून आल्यावर मी तिथंच जेवायचो. सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात आम्हा जेवणाऱ्यांना हगवण लागली, आणि शेजारच्या आप्पासोनं बोभाटा केला, "साळूच्या रश्श्यानं माणसं आडवी झाली!" नगरपालिकेच्या साहेबानं बजावलं, शनिवारपर्यंत दोष दुसरीकडं दिसला नाही, तर खानावळीला कुलूप.

साळूबाईचा संशय आप्पासोच्या विहिरीवर. आम्ही तेच पाणी प्यायचो. ती मला घेऊन डॉक्टर सुकुमारांकडं गेली.

"पाण्यातले जंतू वाढवून दाखवावे लागतील," डॉक्टर म्हणाले. "कलेजीच्या पाण्यात न्यूक्लिओसाइड म्हणून बारीक पदार्थ असतात. ते मिळाले की हे जंतू जोमानं वाढतात. पण आम्ही जैन, आमच्या चुलीवर कलेजी चढायची नाही. तुम्हीच उकळून आणा. मीठ-मसाला काही नको."

साळूबाईनं उकळलेल्या कलेजीच्या रसाचा तांब्या मी पोचवला. डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावून रस गाळला, काचेच्या नळीत भरला, त्यात विहिरीचं पाणी सोडलं. गुरुवार उजाडला तरी नळीत काही वाढेना. शेवटी त्यांनी रुमाल काढून वास घेतला.

"साळूबाई, लसूण घातलाय?"

"कच्चाच ठेचून. आन् लाल चटणी. मीठ बी."

"जंतूंना?"

"आवं, पावणा कसा का आसंना, माझ्या हातनं आळणी कसं जाईल?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. साळूबाईनं दार लावून, तोंड फिरवून आळणी कलेजी उकळली.

शनिवारी साहेब आला, मागं आप्पासो. डॉक्टरांनी आळणी रस दोन नळ्यांत भरला होता. विहिरीचं पाणी घातलेली गढूळ झाली होती. पाणी न घातलेली नितळ होती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हगवणीचेच जंतू.

आप्पासो उसळला. "वाढलं कशात? तिच्याच कलेजीत न्हवं?"

साळूबाईनं पहिली लाल नळी त्याच्या नाकाला लावली. "ह्यात बी तुमचंच पाणी हाय. ही माझी खरी कलेजी. हितं एक तरी वाढला का, बघा!"

साहेब खो खो हसला.

"मसाल्यावर विसंबू नका," डॉक्टर म्हणाले, "पाणी उकळूनच द्या."

कुलूप विहिरीच्या रहाटाला लागलं.

निघताना साळूबाई डॉक्टरांच्या कानाशी लागली. "एक करा. ती आळणी मी शिजवली, हे गिऱ्हाइकास्नी सांगू नगा."