तीन ओळींचा वेळ

१९७७ सालच्या जानेवारीत, वाशीमच्या जिनिंगमागे असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, विमलबाईने कागदाची पट्टी वितळलेल्या कथलात बुडवली आणि लगेच वर काढली. पट्टीची कड भाजलेल्या ज्वारीसारखी झाली होती.

"कढई आली," ती म्हणाली.

या शेडमध्ये ट्रान्झिस्टर रेडिओच्या आतल्या प्लेटा तयार होत. प्लेट आधी लहान भट्टीत शेकायची, मग तिची खालची बाजू कथलाच्या कढईत टेकवायची, म्हणजे तारांचे सगळे टाके एकदम बसत. मेडशीहून पहिल्या एस.टी.ने येणारी विमलबाई पाच वर्षं कढईवर बसत होती. पण माल घेणाऱ्या कंपनीने डिसेंबरचा माल कच्च्या टाक्यांपायी परत पाठवला होता. सोबत चिठ्ठी होती: उष्णता मोजायचं यंत्र घ्या, नाहीतर पुढचा माल नको.

म्हणून अकोल्याचा विक्रेता हेमसिंग दोन यंत्रं घेऊन आला होता. एकाची तबकडी ताटलीएवढी, कढईच्या काठाला अडकवायची. दुसरं लहानशा खोक्यातलं, लांब बारीक तारेचं. तारेचं टोक प्लेटलाच चिकटवायचं आणि तिच्यासोबत भट्टीतून कढईपर्यंत न्यायचं.

"हे मोठंच घेऊ," मालक बबनराव म्हणाले. "दारातून दिसते. मंग कढईवर कोणीबी बसलं तरी चालते."

विमलबाईने पट्टीची जळकी कड नखाने मोडली. कढईवरून काढलं तर ओट्यावर बसून प्लेटांच्या तारा कापायचं काम येणार. आणि बारीक तार तिला वर्षभरापासून दिसत नव्हती. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

हेमसिंगने दोन्ही यंत्रं लावली. मोठ्या तबकडीची सुई अडीचशेवर ठाम उभी राहिली. तारेवाल्या यंत्राची सुई मात्र, प्लेट भट्टीतून बाहेर आली तरी, पन्नासच्या पुढे गेली नाही. विमलबाईने प्लेट कढईत टेकवून उचलली. टाके राखेसारखे निस्तेज, कच्चे दिसले.

"एक म्हणते अडीचशे, एक म्हणते पन्नास," बबनराव म्हणाले. "खोटं कोणतं?"

"दोन्ही बराबर हाय भाऊ. तुमची मर्जी," हेमसिंग म्हणाला.

"कढई तापली म्हणून प्लेट तापली काय?" विमलबाई म्हणाली. "थंडीत प्लेट भट्टीत शेकूनच नाई राह्यली. माहा कागदबी कढईचंच सांगते. डिसेंबरात मी तिथंच चुकलो. मोठं घ्याल तं माल पुन्हा वापस येईन. तारेवालं घ्या."

"तारेवाल्यावर तं कोणीबी काम करन. मंग तुह्यं काय?" बबनरावांनी विचारलं.

विमलबाईने पुढची प्लेट उचलली.

हेमसिंगने खिशातून स्टॉपवॉच काढलं. "सुई गरमी सांगन भाऊ. प्लेट कढईत किती वेळ ठेवायची, हे नाई सांगत. बाई, तुमी किती ठेवता?"

"ठेवतो अंदाजानं."

त्याने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा सहा सेकंद.

"अंदाज? घड्याळ गिळलं काय बाई? आकडे मोजता का मनात?"

विमलबाईने ओठ मिटून घेतले. ती आकडे मोजत नव्हती. छप्पन साली, नवी सून असताना, गावच्या ओट्यावर शिकलेलं त्रिसरण ती पुटपुटत असे. बुद्धाची ओळ, धम्माची ओळ, संघाची ओळ, आणि प्लेट वर. पण शेजारी रंगूबाई बसली होती. रंगूबाई रिठदच्या शेतीवाल्या घरातली. शेडमधला माठ विमलबाई भरते म्हणून पाच वर्षं पाण्याचा तांब्या घरून आणणारी.

"रंगूबाई, तू ठेवून पाह्य बरं," बबनराव म्हणाले.

रंगूबाईने पदर खोचला आणि प्लेट टेकवली. विमलबाई तिच्या ओठांकडे पाहत होती. ते हलले, थांबले. पुन्हा हलले, थांबले. तिसऱ्यांदा हलून थांबले, तशी प्लेट वर आली.

"सहा," हेमसिंग म्हणाला.

बबनरावांनी मान डोलावली. "मंग तूच बैस कढईवर."

"मी कायले बसू?" रंगूबाई कढईकडेच बघत म्हणाली. "ही मोजते, मी हिच्या तोंडाकडे पाह्यतो. ही बाजूले नसली तं मले एकबी प्लेट जमत नाई."

विमलबाईचे ओठ तर मगापासून मिटलेलेच होते.

तारेवालं यंत्र घेतलं. त्या महिन्यात माल परत आला नाही. हेमसिंगने पुढे अकोल्यात रेडिओचं दुकान टाकलं. बबनरावांनी एकोणऐंशीत शेड विकली आणि गावी शेती पाहिली. शेड असेपर्यंत विमलबाई कढईवरच होती. नंतर तिचा मुलगा मास्तर झाला, त्याच्याकडे ती मालेगावला राहिली आणि तिथेच गेली.

रंगूबाई तिच्यामागे बरीच वर्षं होती. रिठदला तिची सून सांगायची, सासूबाई फोडणीत मोहरी टाकली की तीनदा काहीतरी पुटपुटत, आणि मगच डाळ ओतत. काय ते, विचारलं तर म्हणत, "काही नाई. विमलचं हाय ते."