पश्चिमेची भिंत

मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी पश्चिमेच्या भिंतीवरचा फोड फुटला. खिडकीखाली, जमिनीपासून तीन फुटांवर, तळहाताएवढा. रंग लावून अकरा दिवस झाले होते. मोजपट्टीकाकांनी फोड बोटाने दाबला तेव्हा रंगाचा पापुद्रा रबरासारखा ताणला गेला, फाटला, आणि आतलं वाटीभर कोमट पाणी त्यांच्या चपलांवर सांडलं. डावीकडे आणखी दोन फोड होते. ते त्यांनी दाबले नाहीत.

गल्लीत त्यांना सगळे मोजपट्टीच म्हणत. नोकरीची चाळीस वर्षं नकाशे काढण्यात गेली होती आणि घरातला खिळाही ते मोजल्याशिवाय ठोकत नसत. रंग निवडला तोही तसाच. ऊन, दमट हवा, खारं वारं, बुरशी, टिकण्याची वर्षं, असे रकाने पाडून त्यांनी अठरा प्रकार एकाखाली एक लिहिले आणि तीन आठवडे दुकानदाराचं डोकं खाल्लं. काका, रंग शोधताय की जावई, असं शेवटी त्याने विचारलं.

बायको तेव्हा दवाखान्यात होती. फुफ्फुसांत संसर्ग झाला होता. घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या: जिना चढायचा नाही आणि ओल असलेल्या खोलीत झोपायचं नाही. घरात खाली दोनच खोल्या, आणि दोन्हींची पाठ याच भिंतीला. छतावरून उतरणाऱ्या पाइपाचा सांधा कित्येक वर्षं या भिंतीत गळत होता. तो बदलला, पण भिंतीने पिऊन ठेवलेलं पाणी आतच होतं. रंगाची शेड बायकोने फोनवरून ठरवली. पांढरा नको, म्हणाली, घरी आले तरी दवाखान्यातच आहे असं वाटेल. मग हस्तिदंती ठरला.

शेड ठरली, पण जात ठरेना. रंगाऱ्याचं म्हणणं होतं की जो रंग आतली वाफ बाहेर जाऊ देतो तोच लावावा. थोडी ओल राहिली तरी भिंत सावकाश वाळत राहते. मोजपट्टींना हवा होता तो जाड, रबरी थर, थेंबभर पाणीही आत न सोडणारा. त्यांच्या तक्त्यात तोच पहिला आला होता. रंगारी म्हणाला, लावू, पण भिंत आधी ठणठणीत वाळू दे, नाहीतर बाहेरून बूच मारल्यासारखं होईल आणि सगळी ओल घरात फिरेल.

भिंत वाळली का हे बघायची त्याची पद्धत साधी होती. जाड प्लास्टिकचा वीतभर चौकोन भिंतीवर ठेवून तो चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करायचा. दुसऱ्या दिवशी उघडायचा. आतून थेंब दिसले तर भिंत ओली. दोनदा थेंब दिसले, दोनदा तो ब्रश न भिजवता निघून गेला. तिसऱ्या वेळी बायको घरी यायला सहा दिवस उरले होते. रंगारी यायच्या तासभर आधी मोजपट्टींनी चिकटपट्टीचं एक टोक उचललं. आत थेंब होते. दवच असेल, असं मनाशी म्हणत त्यांनी ते रुमालाने टिपले, भिंत पुसली आणि पट्टी पुन्हा दाबून बसवली.

रंगाऱ्याने प्लास्टिक काढलं, उजेडात धरलं, भिंतीवर हात फिरवला. दोन दिवसांत बरी वाळली, म्हणाला, आणि डबा उघडला.

आता बुधवारपर्यंत फोड नऊ झाले. आतल्या बाजूने बायकोच्या पलंगामागे गिलावा काळवंडला, त्यावर मोहरीएवढे काळे ठिपके उठले. मोजपट्टी ते पुसत, ते संध्याकाळपर्यंत परत येत. पंखा लावला, खिडक्या उघडल्या, पण बाहेरची हवाच ओल्या फडक्यासारखी. बायकोचा खोकला परतला होता. मोजपट्टी घड्याळाकडे बघताना दिसले की ती म्हणे, "मोजा, मोजा. माझ्या खोकल्याचाही नकाशा काढा आता."

गुरुवारी मुलीचा फोन आला. ती दूरच्या, कोरड्या हवेच्या शहरात राहायची. तिने आईचा आवाज ऐकला, मग फोन वडिलांना द्यायला सांगितला.

"बाबा, तुम्ही भिंत वाळवत बसा. मी रविवारी येते आणि आईला घेऊन जाते."

"किती दिवसांसाठी?"

"ते तुमच्या भिंतीला विचारा."

एक कोपरा जरी उघडून वाळवून दाखवला तरी मुलगी आईला नेणार नाही, असं मोजपट्टींना वाटलं. त्यांनी रंगाऱ्याला बोलावलं. तो शुक्रवारी सकाळी आला, फोड बघून भिंतीसमोर उकिडवा बसला. मग म्हणाला की चूक त्याचीच. तीस वर्षांत भिंतीने त्याला असं फसवलं नव्हतं. हातावर भरवसा ठेवला, अजून एक दिवस थांबायला हवं होतं. पूर्ण थर खरवडून काढू, म्हणाला. पण उघडी पडलेली भिंत अशा हवेत किती दिवसांत वाळेल, हे त्याला सांगता येईना. महिना, कदाचित दोन.

थर सुटत नव्हता. जिथे ओल होती तिथे पापुद्रा हाताने निघे, कोरड्या जागी मात्र पत्र्यासारखा चिकटला होता. जाहिरातीत म्हटलं होतं तसाच निघाला तो, चिवट. शनिवारी दुपारपर्यंत रंगाऱ्याची बोटं सोलली. बायकोने आतून हाक मारून त्याला पाणी प्यायला सांगितलं आणि विचारलं, तुम्ही एवढं का मनाला लावून घेताय? तो म्हणाला, "काकू, तुम्ही या भिंतीमागे झोपता ना."

मोजपट्टी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. तांब्या खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"त्या दिवशी थेंब होते," ते म्हणाले. "तुम्ही यायच्या आधी मी पुसले."

रंगाऱ्याचा हात थांबला. त्याने खरवडायचा पत्रा खाली ठेवला आणि सोललेल्या बोटांकडे बघितलं.

"काकूंना माहीत आहे?"

"नाही."

"सांगणार आहात?"

मोजपट्टींनी खिडकीकडे बघितलं. खिडकी उघडीच होती. आत खोकला थांबला होता, पलंग एकदा करकरला, मग काहीच ऐकू आलं नाही. रंगारी पाणी प्यायला नाही. पत्रा उचलून तो पुन्हा खरवडू लागला, पाठमोरा.

साडेसहापर्यंत भिंतीचा तिसरा हिस्सा उघडा झाला होता. त्यावर हात ठेवला की ओला होत होता. मुलीची गाडी रविवारी सकाळी आठला पोचणार होती. बायकोने स्वतःच बॅग भरून पलंगावर ठेवली होती आणि ती भिंतीकडे पाठ करून बॅगेशेजारी बसली होती. मोजपट्टी दोनदा दारापर्यंत गेले. तिने वर बघितलं नाही.