एका चौकात उतरलेलं उपनगर

आत्याचं चष्म्याचं दुकान पाडायचं ठरत होतं आणि ते ठरवणाऱ्याच कार्यालयात मी नोकरीला होते.

उद्या शहरात कुठून कुठे किती लोक जातील, कोणत्या रस्त्याने जातील, याचा अंदाज आमचं संगणकातलं मॉडेल बांधतं. आत्याच्या चौकात त्याने लालभडक कोंडी दाखवली होती. म्हणून रस्ता रुंद करायचा आणि त्यात दुकानांची ओळ जायची.

"शिकवलं मी आणि पहिला घाव माझ्यावरच," आत्या भिंग पुसत म्हणाली. "छान पांग फेडलेस हो बाईसाहेब!"

"आत्या, तो अंदाज माझा नाही गं."

"मग तपासून तरी बघ. की अक्कल गहाण ठेवलीस साहेबांकडे?"

सकाळी मी साहेबांना आधी नातं सांगितलं, मग मॉडेल तपासायची परवानगी मागितली.

"तपास," ते म्हणाले. "पण नुसत्या त्या चौकाला हात लावायचा नाही. चूक सापडली तर सगळ्या शहराला एकच नियम. त्या चौकात रहदारीची कधी मोजणीच झालेली नाही, ती मी करून घेतो. तुझा अंदाज हातात येईपर्यंत आकडे माझ्याकडे राहतील."

चूक सापडली. मॉडेल घर न् घर धरू शकत नाही. ते एका भागातली सगळी माणसं एका बिंदूत राहतात असं मानतं आणि तो बिंदू काल्पनिक रेघेने रस्त्याला जोडतं. आत्याच्या मागच्या उपनगराला अशी एकच रेघ होती आणि ती थेट तिच्या चौकात उतरत होती. खरं तर तिथल्या गल्ल्या तीन बाजूंना बाहेर पडतात. पण कागदावर अख्खं उपनगर एकाच दारातून कामाला निघत होतं!

मी नियम लिहिला: गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे रेघ, आणि आसपासच्या घरांच्या प्रमाणात माणसं. मग आधी मॉडेलमधल्या आजच्या माणसांना पुन्हा रस्ते निवडायला लावलं. रस्ता भरला की वेळ वाढतो, म्हणून काही जण दुसरा धरतात. वाट बदलून कुणाचाच फायदा होईना, तेव्हा गणित थांबलं.

साहेबांनी मोजणीचे आकडे काढले. नदीवरचा पूल, बाजार, स्टेशनचा रस्ता, सगळीकडे अंदाज आधीपेक्षा जवळ आला होता. शाळेसमोर मात्र थोडा बिघडला होता.

"हे का, ते शोध," म्हणत त्यांनी शेवटी आत्याचा चौक उघडला. अंदाज आणि मोजणी जवळजवळ एकच. त्यांनी आकड्यांचा कागद माझ्यापुढे सरकवला. "हा नियम आता सगळे वापरतील. वर तुझं नाव घाल."

तोच नियम लावल्यावर उद्याच्या अंदाजातूनही ती कोंडी गेली. रुंदीकरण रद्द झालं.

संध्याकाळी दुकानात एक गिऱ्हाईक डोळे तपासायला यंत्रावर हनुवटी टेकवून बसलं होतं. सुटका नव्हतीच बिचाऱ्याची.

"ही माझी भाची," आत्या सांगत होती. "आधी साहेबांना नातं सांगितलं, मग हिशेब मांडला."

"आत्या, गणित उलटं आलं असतं तर दुकान गेलं असतं."

"गेलं असतं तर दुसरं टाकलं असतं," ती म्हणाली. "अशी भाची कुठून आणली असती? अहो, हलू नका. पुढचं ऐका."