अनुभवाचा दाखला

साडेतीन वर्षांत मी सहा पोस्टिंगा केल्या. नवापूर, व्यारा, बारडोली, परत नवापूर, सुरत, सोनगड. कुठे नर्सांचा तुटवडा पडला की आमच्या एजन्सीला फोन जायचा आणि मी बॅग उचलायची. एजन्सीच्या कार्डावर याला 'ट्रॅव्हल नर्स' म्हणतात. ऐकायला झकास. प्रत्यक्षात पाच जणींच्या खोलीत झोपायचं, आणि नवीन पोरगी आली की आपली खाट तिची. पगार साडेनऊ हजार. त्याच वॉर्डात, त्याच पाळीत, दवाखान्याच्या पटावरच्या नर्सला बावीस.

एजन्सी भूपेंद्रदाजींची. माझ्या काकाची मुलगी रुचिका, तिचे हे यजमान. राहणार प्रकाशा गावचे. पण आमच्या गावाचे, रनाळ्याचे जावई. काम लागलं तेव्हा मी एकदाच नेमणुकीचं पत्र मागायचं म्हटलं होतं. माझी आई, सुंदरबाई, पीठ मळता मळता थांबली.

"जवाईजोडे कागद मांगस? रुचिकानं तिकडे तोंड काय ऱ्हाई?"

नाही मागितलं. आमच्यात कागद परक्याकडून घेतात. जावयाकडून मागणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. नर्सिंगच्या तीन वर्षांत ही अक्कल मला कोणी शिकवली नव्हती, ती घरातच फुकट मिळाली.

आणि या उन्हाळ्यात, एका सोमवारी, सरकारी जागेच्या यादीत माझं नाव लागलं. कायम जागा, पूर्ण पगार, एकच गाव. अट एवढीच की नर्स म्हणून दोन वर्षं काम केल्याचा दाखला हवा. शुक्रवारी अकरा वाजता नंदुरबारला मूळ कागद दाखवायचे.

मंगळवारी नवापूर गाठलं. तिथे मी सगळ्यात जास्त, चौदा महिने काढले होते. मेट्रन फाल्गुनीबेन मला पाहून खुर्चीतून उठल्याच.

"अरे चारुबेन! आलीस परत? खाट रिकामी आहे हं, आता पळू नकोस."

दाखल्याचं सांगितलं तसं त्यांचं हसू गेलं. त्यांनी ऑफिसातून फाइल आणवली. ठेकेदाराच्या बिलावर माझं नाव होतं. चारुलता भाईदास पाटील, मदतनीस. पुढच्या महिन्यात मदतनीस. त्याच्या पुढच्या महिन्यातही.

"म्हणजे लादी पुसणारी?"

"लादी, बेडपॅन, सगळं त्यातच येतं." त्यांनी फाइल मिटली. "मला माहीत नाही का तू काय केलंस? डॉक्टर सुरतेला, आणि एका पाळीत तीन बाळंतपणं तू एकटीनं. कोर्टात उभी राहून सांगेन. पण शिक्का माझ्याकडे नाही, आणि तू आमच्या पटावर नाहीस. तुझा मालक भूपेंद्रभाई. त्याच्याकडून घे."

फोन केला तर दाजी म्हणाले, उद्या घरीच येतो, मामींच्या हातचं जेवून किती दिवस झाले.

बुधवारी आले. आईने बट्ट्या तळल्या, वरणावर तुपाची धार धरली. बाबा शेजारी बसून दाजींच्या नव्या गाडीचं अ‍ॅव्हरेज विचारत होते. जावई जेवत असताना कामाचं बोलत नाहीत, म्हणून मी वाढत राहिले. चार वेळा वाढलं. त्यांनी हात धुतले तेव्हा मी दाखल्याचं बोलले.

"लिखी दिसू ना," दाजी हात पुसत म्हणाले. "जे शे तेच लिखी दिसू. मदतनीस."

"दाजी, मी नर्स शे. तुमले माहीत शे."

"माले माहीत शे, पण मन्हं लायसन मदतनीसनं शे. नर्स लिखं तं उद्या लेबरवाला इचारी, नर्सले साडेनऊ हजारच कसा? मंग दवाखाना मन्हा ठेका तोडी. चाळीस पोरी घर बसतीन. तुन्हासाठे चाळीस पोरी उपाशी मारू का?"

"त्या आजच उपाशी शेतस! तुमनामुळे!"

आईने माझा दंड धरला, वळ उठेल इतका घट्ट. "चारू! पाव्हनासंगे अशी बोलस?"

"माय, मन्ही नोकरी जाई ऱ्हायनी."

"मंग काय, रुचिकाना संसार मोडू?"

बाबा छताकडे बघत होते. दाजी हसले. "राहू द्या मामी. नर्सा अशाच ऱ्हातस, गरम डोकाना." आणि खिशातून कागद काढला. छापलेला, सही केलेला, शिक्का मारलेला. घरून तयारच करून आणला होता. मदतनीस, तीन वर्षे सहा महिने, वर्तणूक चांगली. जाताना आईने त्यांना टॉवेल-टोपी आणि नारळ दिला.

लोक म्हणतात, तक्रार कर. कशाच्या जोरावर करू? मी तिथे नर्स होते याचा पुरावा लागतो, आणि तो पुरावा ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच खिशात. वर तो माणूस आमच्या घरी जेवतो.

शुक्रवारी टेबलामागचे साहेब चांगले होते. हेच वाईट. खेकसले असते तर निदान भांडता आलं असतं.

"ताई, हा मदतनीसचा दाखला आहे."

"माझं नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन बघा ना, साहेब. मोबाइलमध्ये वॉर्डातले फोटो आहेत."

त्यांनी फोटो पाहिले. एकूण एक. मग फॉर्म उलटून पाहिला. "फोटोला रकाना नाही यात," म्हणाले, आणि एक कोरा कागद पुढे सरकवला. "स्वतःच्या अक्षरात लिहा. परिचारिका पदाचा अनुभव नसल्याने मी अपात्र आहे, हे मला मान्य आहे. खाली सही."

"नाही लिहिलं तर?"

"तर गैरहजर लावावं लागेल. त्यापेक्षा अपात्र बरं, ताई. निदान आलात याची नोंद राहते."

मागून एक मुलगी पुटपुटली, "ताई, जरा लवकर. मन्ही दोननी बस शे."

मी लिहायला घेतलं. 'नसल्याने' शब्दावर पेन बंद पडलं. साहेबांनी लगेच स्वतःचं काढून दिलं. मी ओळ पूर्ण केली, सही केली. त्यांनी कागद नीट वाचला, मान डोलावली.

"अक्षर सुंदर आहे तुमचं," ते म्हणाले, आणि पुढचं नाव पुकारलं.