खिशातला फ्यूज

त्याला सगळे ‘बहुतेकराव’ म्हणायचे. दुधानं तोंड पोळलेली माणसं ताक फुंकून पितात. हा पाणीसुद्धा फुंकून प्यायचा, आणि तोंड तर कधी पोळलंच नव्हतं. “कुलूप लावलंस?” “बहुतेक.” “जेवलास?” “बहुतेक.” एकीनं त्याला लग्नाचं विचारलं, तेव्हाही तो हेच म्हणाला. तिला आता दोन मुलं आहेत. दुसऱ्याची.

दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, वायरमन होते आणि हा त्यांच्या हाताखाली. दाजींचा नियम असा, की वीज बंद करणाऱ्यानं खालचा मेन फ्यूज उपटायचा आणि काम संपेपर्यंत स्वतःच्या खिशात ठेवायचा. म्हणजे कुणी आगाऊ माणूस तो मध्येच परत बसवणार नाही.

“फ्यूज तुझ्या खिशात म्हणजे माझा जीव तुझ्या खिशात,” दाजी म्हणायचे. हे ऐकलं की मेव्हण्याला राहवत नसे. फ्यूज खिशात असला तरी तो जिने उतरून खाली बघून येई. वर दाजी तारेला टेस्टर लावत, ते वेगळंच.

शेवटी दाजींनी जाहीर केलं, “ज्या दिवशी हा जागचा न हलता ‘नक्की’ म्हणेल, त्या दिवशी दुकानाच्या पाटीवर याचं नाव.”

“म्हणजे पाटीचा खर्च वाचला,” ताई म्हणाली.

त्या दिवशी काम होतं शिवणकामाच्या कारखान्यात. कारखान्याला सुट्टी, मशिनी गप्प. वरच्या मजल्यावरचा बोर्ड जळालेला, त्यामुळे दिवे तसेही लागत नव्हते. दाजी पुढे गेले. मेव्हणा खाली मेनपाशी थांबला, तेवढ्यात रखवालदारानं त्याला स्कूटर कुठं लावली यावरून धरलं. यथेच्छ भांडण झालं. मग तो हत्यारांची पिशवी घेऊन धापा टाकत वर आला.

दाजी स्टुलावर उभे होते. “काय बहुतेकराव, फ्यूज काढला?”

मेव्हण्याचा हात खिशात गेला. चिनी मातीचा गार, जड तुकडा बोटांना लागला. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आत काहीतरी टक्कन जागेवर बसलं. शंका नाही, ‘बहुतेक’ नाही. काळ्या दगडावरची रेघ.

“नक्की,” तो म्हणाला.

दाजी वळून बघायला लागले. “काय म्हणालास?”

“नक्की, दाजी. खाली जात नाही मी.”

दाजींचे डोळे भरून आले. हातातला टेस्टर त्यांनी परत वरच्या खिशात खोचला. “आता याचा उपयोग करणं म्हणजे तुझा अपमान,” असं म्हणून त्यांनी तार धरली.

मेव्हण्यानं त्यांना लाकडी फळीनं ढकलून सोडवलं, ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि छाती दाबत बसला. फोन वाजला. ॲम्ब्युलन्सच असणार म्हणून त्यानं घेतला, तर कालचा दंतवैद्य.

“अहो, काल तुम्ही गेल्यापासून अंधार आहे इथं! फ्यूज नेलात की काय आमचा? पेशंट खुर्चीत आ करून बसलाय!”

पँट कालचीच होती.

“माणूस पाठवतो,” तो सवयीनं म्हणाला आणि पुन्हा छाती दाबायला लागला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी दाजींना फार वेळ तपासलं नाही.

बाहेर बाकावर ताई म्हणत होती, “टेस्टर लावला नसणार. घाई. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं आणि स्वतः...”

“ताई, मी ‘नक्की’ म्हणालो, म्हणून नाही लावला. माझ्या खिशात कालचा फ्यूज होता.”

“तू म्हणालास?”

“हो.”

“नक्की म्हणालास? तू?” तिच्या ओठाचा कोपरा क्षणभर हलला, घरी त्याची थट्टा करताना हलायचा तसा. मग तिनं त्याचं डोकं खांद्यावर ओढून घेतलं. “वेड्या, त्यांची चूक स्वतःच्या अंगावर कशाला घेतोस?”

“मी मारलं त्यांना, ताई.”

“बरं बरं.” ती दिराकडे वळली. “याला चहा द्या हो कुणीतरी. काहीही बोलतोय.”

चहा आला. सगळे त्याच्याकडे मायेनं बघत होते. कप खाली ठेवून तो पुन्हा सांगायला लागला, पहिल्यापासून, रखवालदारासकट. ताईचा धीर सुटला.

“पुरे! गेलेल्या माणसाची अब्रू तरी ठेव. तुझ्या शब्दावर तारेला हात लावायला ते काय खुळे होते?”