परातीतला समुद्र

"हलली! हलली!"

राजापेठेतल्या मंगल कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर रविवारी अकराच्या सुमारास तीन-चारशे माणसे एकदम उठून उभी राहिली. चौरंगावर पितळेची भलीमोठी परात, परातीत रामेश्वरहून आणलेले म्हणे समुद्राचे पाणी, आणि त्या पाण्यावर बारीक शहारे उठत होते. पंखे बंद होते. चौरंगाला कोणी शिवले नव्हते. परातीमागे निळी लुंगी नेसून बसलेले समुद्रनाथ महाराज मिटल्या डोळ्यांनी कण्हले.

"कळ आली लेकरांनो, धरतीले कळ आली. पूर्वेकडे... पाण्यात... लय मोठी आहे!"

दहा मिनिटे गेली नसतील, पहिल्या रांगेतला अनुप मोबाइल उंचावून ओरडला, "महाराज! जपानच्या पूर्वेले, समुद्रात! आठच्या वर! त्सुनामीचा इशारा देला!"

झाले. महाराजांचा जयजयकार सुरू झाला आणि माणसे टाळ्या पिटू लागली. तिकडे किनाऱ्यावरची माणसे जीव मुठीत धरून पळत असतील आणि इकडे टाळ्या! मला शिसारी आली. अनुप इंजिनीअर आहे, हे मुद्दाम सांगते, कारण असल्या बैठकीत अडाणी माणसेच जातात असा एक गोड गैरसमज आपण शिकलेल्यांनी जपून ठेवला आहे.

टाळ्या न वाजवणाऱ्या तिथे आम्ही दोघीच. मी, माधवी, चांदूर रेल्वेच्या शाळेत बावीस वर्षे भूगोल शिकवते. आणि माझ्या शेजारी कौशल्या, माझ्या नीलमची आई. नीलम माझी विद्यार्थिनी. आठ महिन्यांपूर्वी ती जपानला गेली, समुद्रकाठच्या एका गावात वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला. "जा पोरी, जग बघ," असे म्हणून तिला मीच धाडले होते. तेव्हापासून कौशल्या दर रविवारी गाडीने अमरावतीला येऊन या परातीसमोर बसायची. तिच्या घरात भिंतीवर बौद्ध दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा लावलेल्या आहेत. म्हणून नवऱ्याला, धर्मपालला, ती बहिणीकडे जाते असे सांगायची.

"मले समजते मॅडम," एकदा ती म्हणाली होती. "पण पोट्टी समुद्राच्या काठी राह्यते. मायचा जीव आहे, ऐकत नाही."

महाराजांचा इतिहास सांगायला हवा. मूळ नाव खुशालराव. तळहातावर नारळ उभा करून बोअरची जागा दाखवणे हा त्यांचा आधीचा धंदा. कोरड्या बोअरी वाढल्या, लोक शोधत घरी येऊ लागले, तसे जमिनीखालचे पाणी सोडून ते थेट समुद्रावर आले. समुद्र अमरावतीपासून पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. तिथे खड्डा खणून खरेखोटे करायला कोण जातो?

आदल्या रविवारी मी पहिल्यांदा बैठकीला गेले आणि परात हलताना पाहिली. जिना उतरले तर खाली तुबाचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान. तीही माझीच विद्यार्थिनी. मी परातीची गोष्ट सांगितली आणि ती हसत सुटली.

"मॅडम, वो तो फोन है! त्यांचा चेला माह्याच दुकानात आला होता. म्हणे आवाज बंद पायजे, उजेड बंद पायजे, फक्त थरथर जोरात पायजे. मी म्हटलं, कायले? तर म्हणे, महाराजले ऐकू कमी येते."

चेल्याचा नंबर तिच्याकडे होताच, पण त्या फोनचाही होता, कारण दुरुस्तीनंतर तिने स्वतः रिंग देऊन तपासला होता. आमचा बेत साधा होता. या रविवारी भरल्या बैठकीत तुबाने दुकानातूनच फोन लावायचा आणि समुद्र हलवून दाखवायचा. पण आम्ही काही करायच्या आतच खरा भूकंप झाला.

अनुपने बातमी वाचताच कौशल्याने नीलमला फोन लावला होता. घाईत बोट लागून स्पीकर चालू झाला.

"आई, भेऊ नको," नीलमचा आवाज आला. मागे भोंगा वाजत होता. "आज सुट्टी, खोलीवरच आहे मी. दिवा झुलला होता खोलीतला, आता थांबला. लाट यायले पाऊण तास आहे म्हणते. सगळ्या पोरी टेकडीवरच्या शाळेत जाऊन राहिल्या. मी चप्पल घालून राहिली, मंग करतो फोन."

किती शहाणी पोर! दोन मिनिटांत ती टेकडीच्या वाटेला लागली असती. पण महाराजांनी आयती चालून आलेली शिकार ओळखली. ते माईकवरून गरजले, "थांब पोरी! जाग्यावरून हालू नको! आण वं माय तो फोन इकडे."

आमच्याकडे खेड्यात कुठे कुठे अजून गाव बांधतात. रोगराई आली की भगत शिवेवर रेघ ओढतो आणि बांधणी सुटेपर्यंत आतला बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. जुन्या पटकीच्या साथीत त्याचा चुकून उपयोगही झाला असेल. रोग टाळायला घरात बसणे ठीक आहे. लाट टाळायची तर घर सोडून पळावे लागते. पण ज्याच्या डोक्यात बांधणी बसली आहे, त्याला संकट आले की रेघ आठवते, आणि महाराजांना हे आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

"घरात मीठ आहे ना?" कौशल्याने पुढे धरलेल्या फोनमध्ये महाराज म्हणाले. "उंबरठ्यावर रेघ ओढ. मी इथून समुद्र बांधतो. मी सोडत नाही तोवर पाय बाहेर काढाचा नाही. रेघ वलांडली तर बांधणी उलटते, अन् जिनं बांधून घेतली तिच्यावर जाते. तुह्या मायवर! समजलं?"

"आई?" नीलम हळूच म्हणाली.

"ओढ बेटा रेघ," कौशल्या रडत म्हणाली. "बाबा सांगते तसं कर. वाचशील."

"मी तर वाचीन आई. पण मी निंगाली तर तुले काही होईन म्हणते ना हे? बरं. बसतो मी."

आई लेकीसाठी तिला अडवत होती आणि लेक आईसाठी अडकून बसत होती. हा माणूस त्या दोघींच्या मायेची दोरी करून त्यांनाच बांधत होता, आणि चारशे माणसे हात जोडून बघत होती. बावीस वर्षांत मी पोरांवर कधी हात उचलला नाही. त्या क्षणी मात्र त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

मी फोनवर झडप घातली. "नीलम, मी माधवी मॅडम! ऊठ, पळ!"

"मॅडम, पण आई..."

दोघा चेल्यांनी मला मागे ओढले. "बाई, बांधणीत आडवं येऊ नका!" अनुपही वर मलाच सांगतो, "मॅडम, श्रद्धेचा प्रश्न आहे."

मी माझा मोबाइल काढला. "तुबा, आत्ता! लाव फोन, अन् वाजू दे!"

परात थरथरली.

"पुन्हा कळ!" महाराज कण्हले. "पूर्वेकडे! पाण्यात!"

थरथर थांबली. पुन्हा सुरू झाली.

"तिसरी! वा रे समुद्रा! थांब म्हणतो ना तुले, थांब!"

"अनुप," मी सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "बघ बातमी. हे दोन कुठे झाले?"

अनुप मोबाइलवर बोट सरकवत राहिला.

"नाही ना सापडत? मग चौथा मी करून दाखवते. तुबा, लाव!" परात हलली. "बंद कर!" परात शांत. "लाव!" परात हलली. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसले. महाराजांनी डोळे उघडले, या वेळी त्यांना कुठलीच दिशा सुचली नाही.

चेल्यांचे हात सैल पडले तशी मी पुढे झाले आणि परात उचलून कलती केली. रामेश्वरचा समुद्र महाराजांच्या लुंगीत गेला. चौरंगावरच्या कापडाखाली खाच कोरलेली होती आणि खाचेत फोन गुरगुरत होता. त्याच्या काळ्या पडद्यावर काही दिसत नव्हते. पण मी बाजूचे बटण दाबताच गुरगुर थांबली.

फोनमध्ये भूकंपाची वर्दी देणारे एक फुकटचे ॲप होते. पृथ्वीवर पाचाच्या वरचे भूकंप सरासरीने दिवसाला तीन-चार होतात, त्यामुळे चार-पाच तासांच्या बैठकीत परात दर दुसऱ्या रविवारी तरी हलायची. मोठे भूकंप बहुतेक पॅसिफिकच्या कडेने होतात, म्हणजे आपल्या पूर्वेला, पाण्यात. दिव्यदृष्टी म्हणतात ती एवढीच. आठवीच्या पुस्तकातला नकाशा पाहिलेले पोरही ती सांगेल.

पण हे सगळे मी नंतर सांगितले. तेव्हा कौशल्या त्या फोनकडे नुसती बघत होती. मग तिने स्वतःचा फोन तोंडाशी नेला आणि सगळे कार्यालय हादरेल अशी ओरडली.

"नीलम! पाय काढ भाईर! हे सारं खोटं आहे, डोळ्यानं पाह्यलं मी! मले काही होत नाही, पळ माह्या बाई, पळ!"

दाराचा आवाज आला, मग धावणारी पावले, आणि फोन कटला.

त्यानंतरचा दीड तास कौशल्या जिन्याच्या पायरीवर बसून होती. तुबाने पाणी दिले, तिने घेतले नाही. फोन वाजला तेव्हा तिने तो माझ्यापुढे धरला, मीच उचलला. नीलम टेकडीवरच्या शाळेत पोचली होती. लाट दीड मीटरचीच होती. टीव्हीवाल्यांच्या दृष्टीने किरकोळ. तिची खोली तळमजल्यावर. पाणी दार तोडून आत शिरले आणि कपाट समोरच्या भिंतीत जाऊन बसले.

हे कळल्यावर चेले काय म्हणाले असतील? म्हणाले, "पोरीनं रेघ वलांडली, म्हणून लाट आत घुसली." आणि अनुपने, त्या इंजिनीअरने, मान डोलावली. फोन त्याच्या डोळ्यांदेखत निघाला होता.

कौशल्याने मात्र त्याच दुपारी धर्मपालला बोलावून सगळे खरे सांगितले आणि दोघांनी पोलीस ठाण्यात जाऊन जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. पहिली सही तिची.

चार दिवसांनी नीलमने खोलीचा फोटो पाठवला. खिडकीपर्यंत चिखल. "मॅडम, ती रेघ शोधली," ती म्हणाली. "कुठं सापडते? मिठाची होती ना. अन् अडवाले निंगाली होती समुद्राले."

वाचणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. भूकंप अमुक दिवशी होणार हे आजवर कोणालाच नेमके सांगता आलेले नाही, शास्त्रज्ञांनाही नाही. पण समुद्रात तो होऊन गेल्यावर लाट कधी येईल हे सांगता येते, आणि त्यासाठीच भोंगा वाजतो. भोंगा वाजला की चप्पल घाला आणि उंचावर जा. कोणी बसून राहा म्हणाला, तर तो स्वतः कुठे बसला आहे ते आधी विचारा. आमचे महाराज अमरावतीत बसले होते, दुसऱ्या मजल्यावर.