सुईखालचा स्फटिक

मलेरियाच्या परजीवीला हात नाहीत, पाय नाहीत. तरी तो रक्तपेशीचं दार फोडून आत घुसतो, खाऊनपिऊन फुगतो आणि त्याच घराच्या चिंधड्या करून बाहेर पडतो. ही सगळी दांडगाई चालते ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांच्या जोरावर. धागा केव्हा जोडायचा, केव्हा तोडायचा, हे ठरवतं दुसरंच एक प्रथिन. त्याचा आकार कळला, तर त्यात औषधाची पाचर मारता येईल. आकार कळायला त्या प्रथिनाचा स्फटिक क्ष-किरणांखाली घालावा लागतो, आणि त्या स्फटिकापायी धाकट्याने तीन वर्षं हाडाची काडं केली होती. महिनाअखेर प्रकल्प बंद होणार होता.

प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ. बापाने दोघांना एकाच पट्ट्याने बडवलं. थोरला हात उचलायला शिकला, धाकटा गप्प बसायला. मागच्या वर्षी थोरल्याने भिरकावलेली बाटली धाकट्याच्या कानशिलावर फुटली, तीन टाके पडले. तक्रार तरी कुठे करणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

त्या सकाळी ट्रेच्या एका खळग्यात, थेंबभर पाण्यात, स्फटिक दिसला. एकच, पण चांगला धारदार. धाकट्याला रडूच आलं. त्याने थोरल्याला हाक मारली, आणि तिथेच चुकला.

"मीठ असणार," थोरला मायक्रोस्कोपला डोळा लावत म्हणाला. "अकरा वेळा मीठच निघालंय."

"दादा, हात लावू नकोस. आधी क्ष-किरणांखाली घालू."

"मीठ घेऊन जायचं आणि चारचौघांत हसं करून घ्यायचं?" त्याने वरची चिकटपट्टी कापली, सुई उचलली.

या कामातली ही जुनी परीक्षा. मीठ सुईखाली कडकन तडकतं, प्रथिनाचा मुकाट चुरा होतो. थोरल्याने सुई दाबली. आवाज आला नाही.

"प्रथिन आहे रे," तो हळूच म्हणाला.

धाकट्याची तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने थोरल्याची मान धरली आणि तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. मग पुन्हा. नाकाचं हाड मोडल्याचं हाताला कळलं आणि, खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं. थोरला स्टुलावरून ट्रेसकट खाली कोसळला. धाकट्याने बरगडीत लाथ घातली, दुसरी घातली, बापाच्या वाटच्याही त्यालाच घातल्या.

थोरल्याने हात उचलला नाही. तो रांगत टेबलाखाली काहीतरी चाचपत होता.

"पळतोस कुठे?"

"ट्रे कुठंय?" थोरला रक्त थुंकत म्हणाला. "तो चुरा नव्या थेंबांत पेरला असता, तर शंभर स्फटिक वाढले असते. तूच शिकवलंस ना मला?"

खरं होतं. ही युक्ती त्याच्याच हातची. धाकट्याने पाय उचलला. बुटाखाली ट्रे चेचला गेला होता आणि खळग्यातला थेंब लादीवरच्या रक्तात गेला होता.

तो गुडघ्यांवर बसला आणि थोरल्याच्या शेजारी लादी चाचपू लागला. सापडण्यासारखं काही उरलं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.